चित्राखालची पांढरी पट्टी

स्वल्पविरामाने ते पुस्तक बिघडवलं, पण अगदी चांगल्या मनाने. वाईट मनाने त्याला काही करताच यायचं नाही. त्याला तयारी लागते, आणि ती त्याच्यापाशी नव्हती.

स्वल्पविराम हे काही आईबापांनी ठेवलेलं नाव नव्हे. मुलांची पुस्तकं काढणाऱ्या एका लहानशा प्रकाशनात तो संपादक होता. अंगाने वाळलेला, मानेपाशी वाकलेला, आणि पूर्णविरामाशी जन्माचं वाकडं असलेला. "मी काय म्हणतो, म्हणजे तुमचं बरोबरच आहे, पण तरी, एका अर्थी बघायला गेलं तर" असं त्याने सुरू केलं की समोरचा माणूस चहा मागवायचा. छापखान्यातल्या कुणीतरी त्याला हे नाव ठेवलं आणि ते असं चिकटलं की एकदा मालकसुद्धा फोनवर "जरा स्वल्पविरामांना द्या" म्हणून गेले.

तर झालं असं, की काकूंकडून नव्या पुस्तकाची चित्रं आली.

काकू म्हणजे प्रकाशनाच्या सगळ्यात जुन्या चित्रकार. त्यांची पुस्तकं दोघांची असत. चित्रं काकूंची आणि शब्द त्यांच्या यजमानांचे. यजमान प्राथमिक शाळेत शिक्षक होते, म्हणून सगळे त्यांना मास्तर म्हणत. दर वेळी दोन पाकिटं यायची. मोठ्यात चित्रं, आणि लहानात मास्तरांच्या गोल अक्षरातला मजकूर. या वेळी मोठं पाकीट आलं, लहान आलंच नाही.

चित्रं एका खुर्चीची होती. बसून बसून मध्ये खोल गेलेली, वेताची जुनी खुर्ची. तिच्यावर रोज बसणारा माणूस एक दिवस येत नाही, म्हणून ती त्याला शोधायला बाहेर पडते. जिना उतरते, रस्ता ओलांडते, बसच्या रांगेत उभी राहते, शाळेच्या खिडकीतून आत डोकावते. खुर्ची डोकावते कशी ते काकूंच्या चित्रात बघावं. पुढचे दोन पाय भिंतीला टेकलेले, मागचे दोन टाचा उंचावलेले, आणि पाठ अशी ताठ की बघणाऱ्याचीही मान लांब व्हावी. शेवटी ती दमून घरी येते. आता दमलेली खुर्ची बसणार कशावर? तर शेवटच्या चित्रात ती पलंगाशेजारी जमिनीवर आडवी पडली आहे, आणि पलंगावर पांघरुणाखाली कुणीतरी आहे. तोंड दिसत नाही.

प्रत्येक चित्राखाली तीन बोटं रुंदीची पांढरी पट्टी कोरी सोडलेली होती. काकूंच्या सगळ्याच पुस्तकांत ती असायची. मास्तरांचे शब्द तिथे बसायचे.

काही महिन्यांपूर्वी मास्तरांना अर्धांगाचा झटका आला होता. उजवी बाजू गेली आणि वाचाही गेली. स्वल्पविरामाने त्यावरून आपला अंदाज बांधला. मास्तरांना काही लिहिता आलेलं नाही, आणि काकूंना ते सांगायचा संकोच वाटतोय. फोन करून विचारावं तर जखमेवर मीठ. त्यापेक्षा आपणच गुपचूप लिहून टाकावं आणि नाव मास्तरांचं द्यावं. म्हाताऱ्याला तेवढंच बरं वाटेल. शिवाय कोरी जागा दिसली की संपादकाचा हात तसाही शिवशिवतो.

रविवारी सकाळी त्याने बायकोला समोर बसवलं.

"हे ऐक. खुर्चीबाई, खुर्चीबाई, कुठे निघालात एवढ्या घाई?"

"मग?"

"मग खुर्ची म्हणते, घरी बसून आला कंटाळा, बघून येते गावची शाळा!"

"बरं आहे," बायको म्हणाली. "खुर्ची निघाली. तू कधी निघतोस भाजी आणायला?"

पण त्याची गाडी आता थांबणारी नव्हती. शेवटच्या चित्राखाली त्याने "दमून खुर्ची आली घरी, गादीशेजारी झोपली बरी" असं लिहिलं, आणि स्वतःवर इतका खूश झाला की पुढे दोन उद्गारचिन्हं दिली.

मालकांना यमकं फारच आवडली. "आता कसं पुस्तक वाटतंय," ते म्हणाले. मजकूर जुळवला गेला, छापण्याआधी तपासायची रंगीत प्रूफं निघाली, मुखपृष्ठावर लेखक म्हणून मास्तरांचं नाव बसलं. प्रूफांची गुंडाळी काखेत मारून स्वल्पविराम काकूंच्या घरी असा निघाला, जसा काही बक्षीस घ्यायलाच चाललाय.

त्या घराचे जिने त्याच्या पायांना पाठ होते. तिसऱ्या मजल्यावर दोन खोल्या. बाहेरच्या खोलीत खिडकीलगत काकूंचं टेबल. टेबल म्हणजे खरं तर एक दरवाजा होता. शेजारचं घर पाडताना निघालेला हा दरवाजा मास्तरांनी पाठीवर घालून वर आणला आणि दोन लोखंडी घोड्यांवर आडवा टाकला. त्याची कडी तशीच होती, तिच्यात ब्रश पुसायचं फडकं अडकवलेलं असायचं. रंग कालवायला चहाचे कप. कपाचा कान तुटला की त्याला बढती मिळून तो स्वयंपाकघरातून बाहेरच्या खोलीत यायचा. टेबलासमोर भिंतीला एक हातभर आरसा. चिडलेलं अस्वल काढायचं असलं की काकू आधी त्या आरशात स्वतः चिडून बघायच्या, मग अस्वलाला चिडवायच्या. एकदा मास्तरांबरोबर शाळेचे मुख्याध्यापक घरी आले, तेव्हा काकू आरशासमोर दात विचकून उभ्या होत्या.

"ही आमची मंडळी," मास्तर शांतपणे म्हणाले. "आज लांडगा आहेत."

या दोघांचा संसार तसा भांडणातून जुळला होता, आणि भांडण झालं होतं एका कुत्र्यावरून. पहिल्या पुस्तकाच्या वेळची गोष्ट. मास्तरांनी मजकूर लिहिला तो धड्यासारखा, पानभर, खाली प्रश्न विचारायचे तेवढे बाकी ठेवले होते. काकूंनी चित्रं काढली आणि मग मजकूर वाचून त्यांचा पारा चढला.

"अहो, भिजलेलं कुत्रं मी काढलंय. त्याच्या शेपटीतून पाणी गळतंय. आणि खाली तुम्ही लिहिता, कुत्रा पावसात भिजला होता. मग मी काढलं काय? वाळलेलं कुत्रं?"

"मुलांना कळायला नको?"

"तुमच्या मुलांना डोळे नाहीत?"

यावर घरात अबोला झाला. मास्तरांसारख्या बोलक्या माणसाला अबोला म्हणजे उपासमार. दुसऱ्या दिवशी शाळेतून येताच ते टेबलापाशी गेले, आपल्या ओळीवर त्यांनी तळहात ठेवला, आणि चित्राकडे बघत बराच वेळ उभे राहिले.

"झाकून बघितली," ते म्हणाले. "नसली तरी चालते की गं."

तेव्हापासून ही त्या घराची कामाची रीत झाली. काकू कोऱ्या कागदांची लहान वही शिवून तिच्यात पेन्सिलीने सगळं पुस्तक काढायच्या. मास्तर खालच्या पट्टीत लिहायचे. मग दोघं शेजारी बसायचे आणि मास्तर म्हणायचे, "चला, झाकून बघू." एकेका ओळीवर तळहात. चित्र मुकं झालं तर हात लगेच उठायचा, ओळ राहायची. चित्र बोलतच राहिलं तर हात तसाच, आणि ओळ गेली. त्यातून जे उरे ते मास्तर आपल्या वर्गात नेऊन वाचत. ज्या ओळीला एखादं पोर चुळबुळलं, ती ओळ संध्याकाळी घरी आल्यावर जायची. परीक्षा मुलांची नसे, मास्तरांची असे, आणि मास्तर त्यात आनंदाने नापास व्हायचे.

अशाने दर पुस्तकाला शब्द आटत गेले. पानभर होते ते चार ओळींवर आले, मग ओळीवर, आणि एका पुस्तकात तर काही चित्रांच्या वाट्याला एकच शब्द आला. "लोकांच्या बायका डोकं खातात," मास्तर चारचौघांत सांगायचे, "आमची शब्द खाते. जेवायला वाढते तेवढंच काय ते उपकार." काकू म्हणायच्या, "मी कशाला खाऊ? तुम्हीच ओकता."

कागदावर कंजूष झालेला हा गृहस्थ तोंडाने मात्र उधळ्या होता. काकू चित्र रंगवत असल्या की मास्तर वेताच्या खुर्चीत बसून बोलत. वर्तमानपत्र, वर्गातल्या खोड्या, कुणाच्या स्कूटरचा आवाज कसा दम्यासारखा येतो, वाटेल ते. काकू पानभर आभाळ भरून होईपर्यंत "हं" म्हणायच्या. "रेडिओ लावलाय असं समजते," त्या स्वल्पविरामाला म्हणाल्या होत्या. "फक्त याचं बटण सापडत नाही."

कुणी पाहुणा मुलांच्या पुस्तकांचं कौतुक करता करता विचारून जायचा, "तुम्हाला मुलं किती?" मास्तर लगेच म्हणत, "पहिली ते चौथी, सगळ्या तुकड्या धरून!" पाहुणा हसायचा. काकू तेवढ्यात खाली पडलेला ब्रश शोधायला वाकायच्या. ब्रश पडलेला नसायचा.

मग तो झटका आला आणि रेडिओ बंद पडला. सगळ्या शब्दांतून एक शब्द तेवढा मागे राहिला. "आता." का तोच राहिला ते डॉक्टरांनाही सांगता आलं नाही. पाणी हवं असलं तरी "आता", नको असलं तरी "आता", उशी टोचली की "आता", आणि काकू फार वेळ स्वयंपाकघरात राहिल्या की मोठ्याने "आता!" सूर ऐकून काकू ओळखायच्या. मास्तर खुर्चीतून पलंगावर गेले, आणि पलंग बाहेरच्या खोलीत, टेबलासमोर आला. खुर्ची रिकामी झाली. काम करताना काकूंनी मान वर केली की समोर खुर्चीच दिसे. मग त्यांनी तीच काढली.

हे सगळं ज्याला माहीत होतं, तो स्वल्पविराम प्रूफांची गुंडाळी घेऊन त्या दिवशी दारात उभा राहिला. आणि तरी त्याच्या डोक्यात उजेड पडला नाही. काखेत कळसा म्हणतात तो असा.

"काकू, तुम्हाला एक गंमत दाखवतो, म्हणजे मास्तरांसाठीच आहे, पण तुम्हालाही आवडेल, म्हणजे तुम्ही काही मनात आणू नका..."

काकूंनी पहिलं प्रूफ हातात घेतलं. वाचलं. पुन्हा वाचलं.

"हे कुणी लिहिलं?"

"मी, म्हणजे तसं मास्तरांनीच, म्हणजे नाव त्यांचंच दिलंय ना..."

"यांच्या नावावर खुर्चीबाई?"

काकू पलंगाकडे गेल्या, मास्तरांच्या पाठीला उशी लावून त्यांना बसतं केलं, मांडीवर चित्राची फळी ठेवली आणि तिच्यावर पहिलं प्रूफ मांडलं.

"अहो, हे बघा."

मास्तरांनी पाहिलं. पांघरुणातून त्यांचा डावा हात सावकाश बाहेर आला, कागदावरून सरकत खाली गेला आणि खुर्चीबाईवर जाऊन बसला. तळहाताखाली दोन्ही ओळी गडप झाल्या. मास्तर चित्राकडे बघत राहिले. "आता," ते म्हणाले. काकूंनी पुढचं प्रूफ ठेवलं. हात उचलला, सरकला, बसला. कंटाळा गेला, शाळा गेली. बसच्या रांगेतलं यमक तर स्वल्पविरामाला स्वतःला फार आवडलं होतं, तेही गेलं. शेवटच्या चित्रापाशी दोन उद्गारचिन्हं मास्तरांच्या करंगळीबाहेर उरली होती. मास्तरांनी हात तेवढा आणखी सरकवला.

स्वल्पविराम खाली बघत होता. आपल्याला कुणीतरी ओळीओळीने पुसून काढतंय असं त्याला वाटलं, आणि नवल म्हणजे त्याचं त्याला वाईट वाटेना. ओळी झाकल्यावर चित्रं खरोखरच मोठ्याने बोलायला लागली होती.

"तुला काय वाटलं, मी लिहून बघितलं नाही?" काकू म्हणाल्या. "प्रत्येक चित्राला एक ओळ लिहिली होती. अगदी यांच्यासारखी. एकेक करून पुढे ठेवली. सगळ्यांवर हात ठेवला यांनी. एक सोडली नाही."

"म्हणजे मजकूर..."

"म्हणजे मजकूर झाला. यांना एवढंच करायचं होतं इतकी वर्षं. सगळं काढून टाकायचं."

"मग ही खालची पट्टी कोरी का सोडलीत? चित्र खालपर्यंत न्यायचं ना, म्हणजे मला तरी कळलं असतं, निदान मी तरी..."

काकूंनी प्रूफं गोळा केली. "तिथे माझा ब्रश जात नाही," त्या म्हणाल्या.

निघताना त्या दारापर्यंत आल्या. आवाज खाली आणून म्हणाल्या, "ओळी काढ. नाव ठेव. डॉक्टर काय म्हणतात ते तुला माहीत आहे. हे आहेत तोवर यांच्या हातात पुस्तक पडू दे."

स्वल्पविरामाने मान हलवली. एवढ्या थोडक्यात त्याने आजवर कुणाला उत्तर दिलं नव्हतं.

ओळी काढणं सोपं होतं. नावाचं मात्र मालकांच्या डोक्यात शिरेना.

"अहो, आत अक्षर नाही, मग लेखक कसला? लोक काय म्हणतील? उद्या कोऱ्या वहीवर लेखकाचं नाव छापा."

"तसं नाही मालक, म्हणजे त्यांनी लिहिलं नाही हे लिहिणंच आहे, एका अर्थी, कारण काढून टाकायला आधी, म्हणजे..."

"एक तर यमकं ठेवा आणि नाव ठेवा. नाहीतर यमकंही काढा आणि नावही काढा. आणि ती खालची पांढरी पट्टी कापा. कागद फुकट येत नाही."

स्वल्पविरामाने सगळ्या बाजूंनी सांगून बघितलं. मालकांनी तोवर दोनदा चहा मागवला. शेवटी हा निरोप काकूंना सांगायची वेळ आली, तेव्हा त्याने तो इतक्या आडवळणाने सांगितला की काकूंनी फोनवर विचारलं, "मालक नाही म्हणाले एवढंच ना?"

दुसऱ्या दिवशी दुपारी काकू स्वतः कार्यालयात आल्या. इतक्या वर्षांत त्या तिथे कधी आल्या नव्हत्या. चित्रं पोचवायचं काम मास्तरांचं होतं. शेजारणीला मास्तरांपाशी बसवून आल्या होत्या, म्हणून घाईत होत्या. नखांत निळा रंग तसाच होता. मालक उठून उभे राहिले.

"या या वहिनी! तुम्ही कशाला त्रास घेतला?"

"एक पुस्तक द्या," काकू म्हणाल्या.

"कुठलं?"

"कुठलंही. तुमचंच."

मालकांनी कपाटातून एक काढून दिलं. काकूंनी ते उलटं केलं आणि मलपृष्ठावर खाली बोट ठेवलं.

"हे नाव कुणाचं?"

"माझं. प्रकाशक म्हणून."

"यातलं अक्षर कुठलं लिहिलंत तुम्ही?"

शेजारच्या टेबलावर हिशेबनीस खोकला. स्वल्पविराम छताकडे बघायला लागला.

"वहिनी, तुम्ही आता..." मालक म्हणाले, आणि त्यांना हसू आलं. मग ते हसू मध्येच कुठेतरी थांबलं, कारण काकू हसत नव्हत्या. मालक माणूस वाईट नव्हता. धंद्यातला होता, एवढंच. त्यांनी खुर्चीत बसून चष्मा काढला, पुसला.

"नाव ठेवा हो," ते स्वल्पविरामाला म्हणाले. "आणि ती पट्टीही राहू दे. लवकर काढा."

स्वल्पविरामाने त्या दिवसांत छापखान्याच्या फेऱ्या अशा मारल्या की मशीनवरचा माणूस त्याला म्हणाला, "साहेब, तुम्हीच बसता का इथे? मी घरी जातो." मुखपृष्ठाचं नवं प्रूफ निघालं. वर खुर्ची, जिना उतरताना एक पाय पुढे टाकलेली. खाली डावीकडे काकूंचं नाव, उजवीकडे मास्तरांचं. शाई वाळते न वाळते तोच तो ते घेऊन धावला.

मास्तर आणखी खंगले होते. तोंड एवढंसं झालं होतं. काकूंनी त्यांना उशीला टेकवलं आणि फळी मांडीवर ठेवली.

"अहो, बघा. नाव आलं."

मास्तर बघत राहिले. नाव वाचलं की नुसती खुर्ची बघितली, कळायला मार्ग नव्हता. मग पांघरुणातून डावा हात बाहेर आला. कागदावरून खाली गेला, काकूंच्या नावावरून तसाच पुढे सरकला, आणि आपल्या नावावर जाऊन थांबला. नाव दिसेनासं झालं.

"आता," मास्तर म्हणाले.

काकूंना त्यांचे सगळे "आता" ओळखू यायचे. तहानेचा, रागाचा, एकटं वाटल्याचा. हा त्यांतला नव्हता. त्या वाट बघत राहिल्या. मास्तर चित्राकडे बघत होते आणि हात उचलत नव्हते.

स्वल्पविरामाला ती शांतता सोसवेना. "काकू, मला वाटतं ते कुरवाळतायत, म्हणजे आपलं नाव बघून माणूस, प्रेमाने, हात फिरवतो ना, तसं..."

"गप बस."

काकूंनी मास्तरांचा हात हलवला नाही. पलंगाच्या कडेवर बसून राहिल्या. बऱ्याच वेळाने मास्तरांना झोप लागली आणि हात आपोआप घसरून पांघरुणावर आला. खालचं नाव थोडं फिसकटलं होतं.

"हे ठेवून जा," काकू म्हणाल्या. "मी कळवते."

काकूंनी कळवायच्या आधी मास्तरच गेले. पहाटे कधीतरी, झोपेत. स्वल्पविराम पोचला तेव्हा जिन्यापर्यंत माणसं होती. मास्तरांचे जुने विद्यार्थी आले होते, टक्कल पडलेले, पोटं सुटलेले, आणि मास्तरांच्या घरात पाऊल टाकताना अजून शर्ट नीट करणारे. दोन्ही खोल्यांत बसायला जागा उरली नव्हती, तरी वेताची खुर्ची मात्र मोकळी होती. नवखं कुणी तिच्याकडे वळलं की काकू नुसतं बघायच्या, आणि तो माणूस उभाच राहायचा. स्वल्पविरामाने वाटेत काय काय बोलायचं ते जुळवून आणलं होतं. ते सुरू व्हायच्या आधी काकूंनीच त्याला विचारलं, "चहा घेतलास?"

पुढे काही दिवसांनी शेजारीण कार्यालयात एक पाकीट देऊन गेली. आत मुखपृष्ठाचं प्रूफ होतं, बाकी काही नाही. छापखान्याची जुनी रीत अशी, की प्रूफ परत आलं आणि त्यावर काही खूण नसली, तर ते पसंत समजायचं. स्वल्पविरामाने ते उजेडात धरून बघितलं, तिरकं करून बघितलं, भिंग लावून बघितलं. कुठे पेन्सिलीची रेघ नव्हती. मास्तरांच्या नावावर फिसकटलेली शाई तेवढी होती. ती रेघ मानायची का?

त्याला झोप येईना. मास्तरांनी आयुष्यभर ज्या ओळीवर हात तसाच ठेवला ती ओळ राहिली नव्हती. ही त्यांची शेवटची ओळ, तीही दोनच शब्दांची, आणि तिच्यावरही हात. पण हातच तो, म्हाताऱ्या, आजारी माणसाचा. ठेवायला जागा हवी म्हणूनही ठेवला असेल. बायको म्हणाली, "अरे, काकूंना विचार ना सरळ." सरळ विचारता आलं असतं तर मुळात खुर्चीबाई कशाला निघाली असती? शेवटी त्याने रीत पाळली. खूण नाही, म्हणजे पसंत. पुस्तक नावासकट छापलं गेलं.

पहिल्या प्रती घेऊन तो तिसऱ्या मजल्यावर गेला. पलंग पुन्हा आतल्या खोलीत गेला होता. खुर्ची आपल्या जागी होती. टेबलावरचे सगळे कप धुऊन पालथे घातले होते, आणि दरवाजाच्या कडीतलं फडकं वाळून कडक झालं होतं. आरशावर कुणीतरी टॉवेल वाळत टाकला होता. कुणीतरी म्हणजे काकूच. घरात दुसरं होतं कोण?

काकूंनी पुस्तक घेतलं. टेबलापाशी स्टूल ओढून बसल्या आणि पहिलं पान उघडलं. नकळत त्यांचा डावा तळहात खालच्या पट्टीवर गेला आणि तिथे राहिला. पट्टी कोरीच होती. झाकायला काही नव्हतं. त्या चित्र बघत होत्या. पान उलटलं, पुन्हा तळहात. शाळेच्या खिडकीपाशी त्या थोड्या थांबल्या. खिडकीच्या आत फळ्यासमोर एक पाठमोरा माणूस होता, स्वल्पविरामाच्या आजवर लक्षात आला नव्हता. खुर्ची त्याच्याकडे बघत होती आणि त्याने वळून बघितलेलं नव्हतं. असं करत त्या शेवटच्या चित्रापर्यंत गेल्या, आणि मग पुस्तक मिटून मुखपृष्ठ वर करून मांडीवर ठेवलं.

स्वल्पविरामाला राहवेना.

"काकू, मला एक विचारायचं होतं, म्हणजे विचारू नये, पण मनात राहिलंय, त्या दिवशी मास्तरांनी नावावर हात ठेवला, तो मला वाटलं तसा प्रेमाने होता, की झाकून बघत होते, म्हणजे ते नावही त्यांना नको होतं का, तसं असेल तर माझ्याकडून पुन्हा चूक झाली, कारण तुम्ही प्रूफावर खूण केली नव्हती, म्हणून मी धरून चाललो, पण तुम्ही बघितलंच नसेल असंही असेल, आणि तुम्ही तर त्यांनी झाकून ठेवलेली ओळ कधी राहू दिली नाहीत, इतक्या वर्षांत एकदाही, मग..."

काकूंनी बोटाने मास्तरांच्या नावावरची धूळ पुसली. धूळ नव्हती.

"ती एक ओळ मी कापू दिली नाही."